एक कप म्हणजे एकशे ऐंशी

मोजमापाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून उगाच कुणी माझी कीव करायला नको. बावीस वर्षं मी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये नाश्ता रांधतेय. रोज तीनशे माणसं माझ्या हातचं खातात. मीठ मी मुठीनं टाकते, दूध नजरेनं ओतते आणि कोरड्या जिनसा कपानं भरते. कुठल्या जिनसेचा एक कप किती ग्रॅम भरतो ते मला झोपेतून उठवून विचारा. साखर दोनशे, मैदा एकशे पंचवीस, तांदूळ एकशे नव्वद, ओट्स एकशे ऐंशी. नवीन लागलेल्या पोरी वजनकाटा शोधायला लागल्या की मी म्हणते, "काटा माझ्या खांद्याला जोडलेला आहे. तो बघा आणि शिका."

माझी धाकटी बहीण अगदी उलट. ती सगळं काट्यावर घालते. पण तिचा इलाज नाही. तिची मुलगी सहा वर्षांची असताना तिच्या शरीरानं इन्सुलिन करायचंच बंद केलं. आता ती नऊ वर्षांची आहे. लहानपणी तुरुतुरु चालायची म्हणून तिच्या बापानं तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली. साखरेशी पुढे असं वैर होणार हे तेव्हा कुणाला ठाऊक! तर तेव्हापासून मुंगीचा प्रत्येक घास आधी मोजायचा आणि मग त्या घासापुरतं इन्सुलिन पेनातून टोचायचं. कमी टोचलं तर साखर चढते, पण सावरायला वेळ मिळतो. जास्त टोचलं तर साखर उतरते, आणि मग वेळ मिळत नाही. पोर घामाघूम होते, बरळते, शुद्ध हरपते. धाकटीनं हे मला शंभरदा सांगितलं होतं, आणि मी शंभरदा "हो गं बाई" म्हटलं होतं.

मुंगीचा बाप जहाजावर असतो. धाकटीला ऑफिसनं तीन दिवसांच्या ट्रेनिंगला दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलं. तीन वर्षांत ती मुंगीला सोडून एक रात्र कुठे राहिली नव्हती. ती नाहीच म्हणणार होती; मी तिला ढकललं. "जा गं. मी तीनशे माणसांचं करते, मला एक पोर जड आहे का?"

आठवडाभर तिनं माझी शाळा घेतली. पेनाची चकती कशी फिरवायची, सुई कुठे टोचायची, बोटाचा थेंब पट्टीवर कसा घ्यायचा. फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवला. तेवढ्या दिवसांची दुपारची आणि रात्रीची जेवणं डब्यांत मोजून, वर आकडे लिहून ठेवली. सकाळचं तेवढं माझ्यावर सोडलं, कारण ते सोपं होतं. तक्त्यावर लिहिलेलं होतं: ओट्स साठ ग्रॅम, दूध एक पेला, पाच युनिट.

मंगळवारी दुपारी ती गेली. बुधवारी सकाळी मी ओट्याशी उभी राहिले, काट्याचं बटण दाबलं, तर काटा मेलेला. पुन्हा दाबलं. थापट मारली. आत बटणाएवढी गोल बॅटरी असते, ती संपली होती, आणि तसली दुसरी घरात नव्हती. दुकान नऊला उघडतं. शाळा आठला.

फोन करायला हवा होता. एक फोन, अर्ध्या मिनिटाचा. पण तिकडून धाकटी म्हणणार, "ताई, जमत नाहीये का?" आणि तो तिचा आवाज मला नको होता. शिवाय काट्याचं अडलं होतं कुणाला? एका कपात एकशे ऐंशी. मग साठ म्हणजे कपाचा तिसरा हिस्सा. धाकटीच्या खणात मापांचा सेट होता, त्यात तिसऱ्या हिश्श्याचं माप होतंच. ते डब्यात बुडवलं, बोटानं वरून सपाट केलं, दुधात टाकलं. डोळे झाकून करण्यासारखं काम.

आता एक गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ती लापशी पातळ झाली. साठ ग्रॅम ओट्सना पेलाभर दूध म्हणजे चमचा उभा राहायला हवा. इथे चमचा आडवा पडत होता. बावीस वर्षं चुलीपुढे घालवलेल्या बाईला भांडं स्वतःहून सांगत होतं की काहीतरी चुकतंय. आणि मी काय केलं? दूधवाल्याला एक शिवी हासडली, आच वाढवली आणि लापशी आटवली.

मुंगीनं वाटीत डोकावून पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच म्हणजे? हवरी कुठली! मुकाट्यानं खा, उशीर होतोय."

तिची साखर मोजली, एकशे तीस आली. छान. पेनावर पाच फिरवले, टोचलं. तिनं वाटी चाटूनपुसून साफ केली. बुधवार होता, म्हणजे त्यांचा पोहण्याचा तास. मी स्वतः तिच्या पिशवीत पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि साखर मोजायचं यंत्र भरलं. शाळेच्या फाटकाशी सोडलं आणि कॅन्टीनला गेले. जाताना मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

कॅन्टीनमध्ये दुसऱ्या पाळीचा नाश्ता दहाला लागतो. सव्वानऊला मी कोठीच्या दाराशी गेले. आमचे कोठीवाले काका म्हणजे सगळ्या कोरड्या मालाचे मालक; रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, आणि माझ्याशी वाद घातल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. बाहेर मालाचा टेम्पो उभा होता, पोती उतरत होती.

"बाई, आज तुमचं माप चालायचं नाही," काका म्हणाले. "कणीचे ओट्स आले नाहीत. चपटे पाठवलेत. सगळं दुप्पट भरा."

"का म्हणून दुप्पट? ओट्स ते ओट्स. कप एकशे ऐंशीचा."

"कणीचा एकशे ऐंशीचा. चपट्यांचा नव्वद."

"काका, बावीस वर्षं..."

"बावीस वर्षं तुम्ही कणी भरताय बाई. दाणा कापून केलेली ती. जड असते, गच्च बसते. हे चपटे दाबलेले, पापुद्रे नुसते. मधे हवा. कपात हवाच जास्त."

मी हात कमरेवर ठेवले. खरं सांगते, मला त्या क्षणी फक्त काकांना हरवायचं होतं. "घाला काट्यावर," मी म्हटलं. "होऊन जाऊ दे दूध का दूध, पानी का पानी."

काकांनी माझाच कप घेतला, नव्या पोत्यात बुडवला, बोटानं सपाट केला आणि काट्यावर रिता केला. नव्वद. पोत्याच्या तोंडाशी ओट्सचा ढीग होता. चपटे, पातळ, कडा दुमडलेले पापुद्रे. सकाळी धाकटीच्या डब्यात अगदी असेच होते. मी त्यांच्यात माप बुडवलं होतं आणि मला ते दिसले नव्हते, कारण डब्यावर 'ओट्स' लिहिलेलं होतं आणि माझ्या डोक्यात आकडा तयार होता.



साठ नव्हे, तीस. पोरीच्या पोटात तीस ग्रॅम गेले होते आणि इन्सुलिन साठचं.

"काय झालं बाई?" काका म्हणाले. "बसा, बसा आधी."

मी घड्याळ पाहिलं. नऊ अठरा. टोचलं होतं साडेसातला. धाकटीनं सांगितलं होतं की ते औषध तासा-दीड तासानं सगळ्यात जोरात असतं. आणि साडेनऊला पोहण्याचा तास. म्हणजे पोर बेशुद्ध व्हायची वेळ आणि पोर पाण्यात उतरायची वेळ एकच होती.

शाळेत फोन लावला. कारकूनबाई म्हणाल्या, वर्ग बसनं तलावावर गेलाय. वर्गाच्या बाईंचा नंबर द्या म्हटलं. त्यांनी दिला. लावला, बंद. "तलावावर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात हो," कारकूनबाई म्हणाल्या, "मी पण बघते लावून." तलावाच्या ऑफिसात लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. कुणी उचलला नाही. एरवी असं झालं असतं तर मी त्या ऑफिसातल्या माणसाचं माप त्याच्या पदरात घातलं असतं. आता मी नुसती फोनला कान लावून "उचल रे बाबा, उचल" म्हणत होते.

"काका, मुंगीला जास्त टोचलंय मी," मी म्हटलं. "ती पोहायला गेलीय."

काकांनी पुढे एक शब्द विचारला नाही. त्यांनी टेम्पोवाल्याला हाक मारली, "पोती राहू दे, बाईंना तलावावर सोड," आणि फळीवरून साखरेचा पुडा ओढून माझ्या हातात कोंबला.

टेम्पोत बसल्यावर मी हिशेब केला. नको होता करायला, पण डोकं थांबेना. तीस ग्रॅम ओट्स आणि पेलाभर दूध, त्याला तीन युनिट पुरे होते. मी पाच दिले. दोन जास्त. धाकटी म्हणाली होती, एक युनिट मुंगीची साखर पन्नासनं उतरवतं. दोन म्हणजे शंभर. सकाळी होती एकशे तीस. एकशे तीसमधून शंभर गेले, राहिले तीस. तीसला काय होतं हेही तिनं सांगितलं होतं. मी पुन्हा हिशेब केला. पुन्हा तीसच आले. आयुष्यात पहिल्यांदा माझा हिशेब चुकावा म्हणून मी देवाला विनवत होते.

मग मला आठवलं, पाण्यात उतरण्याआधी वर्गाच्या बाई तिची साखर मोजतात. तक्त्याच्या खाली धाकटीनं लिहिलेलं होतं, शंभरच्या वर असेल तरच पोहू द्यायचं. जरा जीवात जीव आला. यंत्र ओरडून सांगेल, बाई थांबवतील. पण मग लगेच लक्षात आलं, की यंत्र आत्ता किती ते सांगतं. उतरतेय की चढतेय ते नाही सांगत. सव्वानऊला एकशे पाच आली असेल. बाई म्हणाल्या असतील, शाब्बास, जा. आणि पोर निघाली असेल पायऱ्या उतरून.

रस्ता एका ठिकाणी खणलेला होता. एक माणूस हातात लाल पाटी धरून उभा. समोरच्या गाड्या एकेक करून येत होत्या. मी दार उघडून उतरायला निघाले.

"बसा मावशी," टेम्पोवाला म्हणाला, "पळत गेलात तर अर्धा तास लागंल. मी काढतो गाडी."

"काढ ना मग! काय बघतोस?"

त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. पाटीवाला शिव्या देत बाजूला झाला. मी साखरेचा पुडा पोटाशी धरून बसले होते. तो इतका आवळला होता, की त्याचा एक कोपरा फाटून साखर माझ्या मांडीवर सांडायला लागली. मी ती वेचत बसले. कशाला वेचत होते ते आजही मला सांगता येणार नाही.

तलावाच्या दाराशी एक बाई टेबल मांडून बसल्या होत्या. "चपला काढा. आणि नाव लिहा इथे."

मी चपलांसकट आत पळाले.

आत काचेचं छप्पर, क्लोरिनचा वास, आणि पोरींचा एवढा गलका की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. पाण्यात तीस-पस्तीस डोकी. सगळ्यांच्या डोक्याला एकसारखी निळी टोपी, डोळ्यांवर एकसारखा काळा चष्मा. मी काठावर उभी राहून बघत होते आणि मला माझी पोर ओळखता येत नव्हती. जिचं नाक मी पुसलं, जिला कडेवर घेऊन मी जिने चढले, ती यातली कुठली ते मला कळेना. कुणी उड्या मारत होतं, कुणी पाय आपटत होतं, कुणी पाण्याखाली जात होतं. जी खाली जायची तिच्याकडे बघून मी श्वास धरायची. ती वर आली की दुसरी खाली जायची.

"मुंगी!" मी ओरडले. कॅन्टीनमध्ये भांड्यांच्या आवाजावर चढवायचा आवाज आहे माझा. "मुंगे!"

तीस टोप्या माझ्याकडे वळल्या. एक वळली नाही.

ती पलीकडच्या काठाला होती. दोन्ही हातांनी दांडी धरलेली, गाल फरशीवर टेकलेला, जशी झोपली असावी. पाणी तिच्या हनुवटीपर्यंत होतं. शिकवणारी बाई शिट्टी गळ्यात घालून तिच्यापासून चार पावलांवर उभी होती आणि म्हणत होती, "नखरे पुरे आता, चल, पाय हलव."

मी तिथपर्यंत कशी गेले ते मला ठाऊक नाही. वाटेत घसरून पडले, एवढं आठवतं, कारण गुडघा नंतर आठवडाभर सुजलेला होता. मी आडवी होऊन तिच्या काखेत हात घातले. दांडीवरची तिची बोटं सुटेनात. "सोड बाळा, मी आहे," म्हटलं, तर ती हसली. ते हसू तिचं नव्हतंच. डोळे माझ्याकडे होते, पण मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. एकेक बोट उलगडून मी तिला वर ओढली. ओल्या पोरीचं वजन किती ते मला विचारू नका. त्या दिवशी ते मला जाणवलंच नाही.

वर्गाच्या बाई धावत आल्या. "अहो, आत्ता मोजली होती. एकशे दोन होती!"

"माहीत आहे," मी म्हटलं. "यंत्र आणा."

तिचा घाम पाण्यातही वेगळा लागत होता, गार आणि चिकट. बोटाला टोचलं, थेंब घेतला. बेचाळीस. धाकटीनं सांगितलं होतं, गिळता येत असेल तर साखर तोंडात द्यायची, गिळता येत नसेल तर काही द्यायचं नाही, सरळ दवाखान्याची गाडी. मी तिच्या ओठांना बोट लावलं. "गीळ. मुंगे, गीळ बघू." तिनं गिळलं. मी बोटावर साखर घेऊन तिच्या गालाच्या आत चोळली. पुन्हा, आणि पुन्हा. कुणीतरी फळांच्या रसाची बाटली आणली, तिचा घोट घोट पाजला. बाईंनी दवाखान्यात फोन लावला होता. तीस पोरी काठावर टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या आणि आता कुणीच आवाज करत नव्हतं.

धाकटीचा नियम पंधरा मिनिटांचा. साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. ती पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. भिंतीवर घड्याळ होतं, लाल काट्याचं. मी मुंगीला मांडीवर घेऊन त्या काट्याकडे बघत होते. धाकटीला काय सांगायचं, असा विचार मनात आला, आणि त्याची लाज वाटली, आणि तरी तो जाईना. मग मनात आलं, ही गेली तर धाकटीला सांगायला मीही उरणार नाही. असं मी मनाशी ठरवून टाकलं. वेड्यासारखं होतं, पण ठरवल्यावर जरा शांत वाटलं. भीतीच्या पोटी माणूस काय काय ठरवतो.

छप्पन्न. पुन्हा रस. मग ब्याऐंशी.

मुंगीनं डोळे चोळले. "मावशी, तू ओली का झालीस?"

मी ओक्साबोक्शी रडायला लागले. एवढ्या पोरींसमोर, ॲप्रन घालून, फरशीवर फतकल मारून. दवाखान्याची गाडी आली. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, बरं आहे म्हणाल्या, अजून तासाभर दर पंधरा मिनिटांनी मोजा म्हणाल्या. मुंगी टॉवेलात गुंडाळून बाकावर बसली, बिस्किट कुरतडत. मी तिच्या पायाशी.

"तुला कसंतरी होत होतं ना?" मी विचारलं. "मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"नंतर मला कळतच नव्हतं काही."

"आणि आधी?"

ती बिस्किटाकडे बघत म्हणाली, "आधी वाटी बघून कळलं होतं. आई करते तेव्हा वाटी अर्ध्याच्या वर भरते. तू दिलंस ते खालीच होतं."

"मग मला म्हणायचं नाही?"

"म्हटलं की. एवढंच, असं म्हटलं. तू म्हणालीस मुकाट्यानं खा." मग ती म्हणाली, "आणि तू सगळ्यांना सांगतेस ना, तुझा हात चुकत नाही म्हणून. मला वाटलं, मग आईचंच रोज चुकत असेल."



धाकटीला फोन मी तिथूनच केला. बोलायला तोंड उघडलं आणि सगळ्यात आधी ओठांवर आलं ते 'काटा बंद पडला'. खोटं नव्हतं. पुढे 'शिकवणाऱ्या बाईंचं लक्ष नव्हतं' हेही जोडता आलं असतं, तेही खोटं नव्हतं. मी ते दोन्ही गिळलं. "धाकटे, मी कपानं मोजलं," म्हटलं. "आमच्याकडच्या जड ओट्सचा आकडा तुझ्या हलक्या ओट्सना लावला. तिला निम्मंच खायला घातलं आणि टोचलं पूर्ण. बेचाळीसला गेली होती. आता ब्याण्णव आहे."

मग ती म्हणाली, "मुंगीला दे."

दोघी बोलल्या. मुंगी हो, नाही, हो, असं म्हणत राहिली. फोन पुन्हा माझ्याकडे आला.

"मी निघते," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला मी पुरून उरते. "पण रात्रीची गाडी आहे. उद्या दुपारशिवाय नाही पोचत. रात्रीचा डबा आहेच. उद्या सकाळचं तुलाच करायचंय ताई. दुसरं कोणी नाही."

"मी नाही," मी म्हटलं. "माझ्यानं नाही होणार गं."

"होणार नाही म्हणून कसं चालेल? तिला खायला लागतं आणि टोचायला लागतं."

त्या रात्री दर दोन तासांनी उठून मी तिचं बोट टोचलं. पोर झोपेतच हात पुढे करायची. सकाळी सहाला माझे हात चालेनात. कोठीवाल्या काकांनी संध्याकाळी स्वतः येऊन त्यांचा छोटा काटा देऊन ठेवला होता, नव्या बॅटरीचा. मी ओट्याशी उभी राहिले. तीनशे माणसांचं करणारी बाई, आणि एका वाटीपुढे माझी बोबडी वळली होती. हा आकडा चुकला तर परत ते डोळे. आणि आज ती पाण्याजवळ नसेल, कुठेतरी वर्गात मान टाकून बसलेली असेल आणि कुणाला कळणारही नाही.

काटा लावला. मुंगीची प्लॅस्टिकची वाटी त्यावर ठेवली. चमच्या-चमच्यानं ओट्स घालत गेले, आकड्यावरची नजर हलू दिली नाही. चाळीस. पन्नास. अठ्ठावन्न. शेवटचे चार पापुद्रे चिमटीनं टाकले. साठ. बरोब्बर साठ. मी श्वास सोडला. कपाळावरचा घाम पुसला.

मुंगी स्टुलावर बसून बघत होती.

"बघ," मी म्हटलं. "साठ. बरोबर आहे ना?"

ती वाटीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. पोर माझा चेहरा जोखत होती.

"नाही," ती म्हणाली.

डोक्यात सणक गेली. 'डोळे फुटले का तुझे, साठ दिसतंय की' हे माझ्या जिभेवर आलंसुद्धा होतं. मी ओट्याची कड धरली. "काय चुकलं?" मी विचारलं, आणि माझा आवाज इतका लहान निघाला, की तो माझा आहे असं मलाच वाटेना.

"वाटी ठेवल्यावर शून्य करायचं असतं. आई ते बटण दाबते. तू नाही दाबलंस."

तिनं ओट्स ताटलीत ओतले आणि रिकामी वाटी काट्यावर ठेवली. एकतीस.

म्हणजे ओट्स एकोणतीस होते. काल तीस, आज एकोणतीस. पेन माझ्या हाताशीच होतं, आणि त्यावर मी पाच फिरवून ठेवलेले होते.

मी तिथेच, ओट्याला पाठ लावून खाली बसले. मुंगी स्टुलावरून उतरली, माझ्याजवळ आली, पण मला हात लावला नाही. ओरडा बसतो का, याची वाट बघत होती.

"बरं झालं बोललीस," मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं.

"पुन्हा कर," ती म्हणाली. "मी बघते."

मी उठले. तिनं बटण दाबलं, शून्य आलं. मी चमचा बुडवला आणि ओतायला लागले, आणि या वेळी आकड्याकडे न बघता तिच्याकडे बघत होते.

"अजून," ती म्हणाली. "अजून. अजून थोडं. बास."